रोहित पक्ष्यांचे सोवळे

कार्तिक संपून उत्तरेचे वारे कोकणपट्टीवर स्थिरावले, की मुंबईच्या पूर्व कडेला ठाण्याच्या खाडीतील दलदलीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात, आणि ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून पहिले ढग चढून येईपर्यंत त्यांचा मुक्काम तेथून हालत नाही. या अवधीत शिवडीच्या धक्क्यावर, भांडुपच्या उदंचन केंद्रामागील बांधावर आणि पलीकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या जेटीवर शहरातील सुशिक्षित मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून जमतात, भरती-ओहोटीच्या वेळा निष्ठेने पाहतात, होडीत बसून खाडीच्या मध्यापर्यंत जातात. आणि गुलाबी पंखांची एखादी दीर्घ ओळ पाण्यावरून उठली, म्हणजे त्यांच्यातील ज्यांच्या हातांना ती जुनी सवय असते त्यांचे हात नकळत जोडलेही जातात. त्या जोडलेल्या हातांविषयी मला येथे लिहावयाचे आहे. कारण ज्या चिखलातून तो रंग निर्माण होतो, त्या चिखलाच्या नुसत्या वासाने तेच हात एरवी नाकाला रुमाल लावतात. आणि एकाच मनुष्याने एकाच स्थळी अर्ध्या घटकेच्या अंतराने नमस्कारही करावा आणि नाकही मुरडावे, यात नुसती विसंगती नाही, तर शुचिता म्हणजे काय, हा आपल्या धर्मविचारातील एक पुरातन आणि अजून न सुटलेला प्रश्न दडलेला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास याच खाडीच्या काठावरील देवनारइतके योग्य ठिकाण मुंबई इलाख्यात दुसरे सापडणार नाही. कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग १९०६ साली टाकण्यात आला, तो माणसांसाठी नव्हता. शहराचा केरकचरा वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी त्याची तजवीज झाली होती, आणि प्रवाशांना त्यावरून जाण्याची मुभा पुढे १९२४ साली मिळाली. १९२७ मध्ये देवनारच्या खाजणात कचराडेपो सुरू झाला, आणि आज सुमारे १३२ हेक्टर जमीन व्यापून खाडीच्या तिवरांना भिडलेले त्याचे डोंगर मैलोगणती लांबून दिसतात. वांद्र्याचा कत्तलखाना शहराच्या वस्तीला नकोसा झाला, तेव्हा त्याचीही रवानगी १९७१ साली देवनारलाच झाली. या सर्व हुकुमांच्या मागे जी बुद्धी आहे ती विलायती नाही आणि नवीही नाही. जे अमंगल त्याला गावकुसाबाहेर काढावे, वाऱ्याची दिशा पाहून दूर ठेवावे, त्याचा स्पर्श होऊ देऊ नये, आणि मग उरलेल्या गावाला शुद्ध म्हणावे, ही व्यवस्था आपल्या प्रत्येक खेड्याच्या रचनेत शतकानुशतके होती. मुंबईच्या कारभाऱ्यांनी तिला केवळ रुळांची जोड दिली. या मताप्रमाणे शुचिता हे एक अंतर आहे. अशुद्धापासून मी जितका दूर, तितका शुद्ध. आणि ज्याला दूर जाता येत नाही, तो आपोआप अशुद्ध.

आता या अंतराच्या सिद्धान्ताला रोहित पक्षी काय उत्तर देतो ते पाहावे. ओहोटी लागून पाणी मागे सरले, म्हणजे खाडीचा करडा, तकतकीत चिखल उघडा पडतो. त्यावर चिंबोऱ्यांची बिळे दिसू लागतात, निवट्या सरपटू लागतात, तुतवार आणि शेकाटे आपापल्या लांबीच्या चोचीप्रमाणे आपापल्या खोलीचे भक्ष्य शोधीत फिरतात. त्यांच्यापलीकडे पोटरीभर पाण्यात रोहितांची पलटण उभी असते. त्यांतला एखादा निरखून पाहावा. तो मान इतकी खाली वाकवतो की मस्तक पायांजवळ येऊन उलटे होते, आणि मध्येच मोडल्यासारखी दिसणारी त्याची चोच अशा रीतीने पाण्यात शिरते की वरचा जबडा खाली आणि खालचा वर व्हावा. मग ती चोच डावीउजवीकडे फिरू लागते. आत त्याची मांसल जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन चिखलपाणी आत ओढते आणि लगेच बाहेर लोटते, आणि चोचीच्या कडांना जी बारीक पटलांची दाट झालर असते तिच्यात खाण्याजोगे तेवढे अडकून राहते. पेनेलपी जेंकिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ साली या यंत्रणेचा जो सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून असे दिसते की लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन जातींच्या झालरींची वीण निरनिराळी असते. लहान रोहिताची वीण अतिशय सूक्ष्म असल्याने त्याला डोळ्यांना न दिसणारी नीलहरित शैवाले गाळून घेता येतात, तर मोठ्या रोहिताची जाडसर असल्याने तो बारीक कोळंबीसारखे जीव, अळ्या आणि कृमी टिपतो. म्हणून दोघेही एकाच चिखलात शेजारी शेजारी जेवतात आणि एकाच्या पानातले दुसऱ्याने पळविले, असा तंटा त्यांच्यात सहसा उद्भवत नाही.

या पक्ष्याचा रंगही उपजत नाही. कच्छच्या रणात, जेथील अफाट वीणवसाहत सालिम अलींनी १९४५ साली पाहून तिचे वर्णन लिहिले, तेथे चिखलाच्या बुटक्या उतरंडीवर जन्मलेले पिल्लू करड्या-पांढऱ्या रंगाचे असते. शैवालांतील आणि त्यांवर जगणाऱ्या जीवांतील पिवळी-नारिंगी द्रव्ये अन्नावाटे अंगात मुरत जातात, आणि दोन-तीन वर्षांनी पिसांवर ती गुलाबी आभा चढते. प्राणिसंग्रहालयात अशी द्रव्ये नसलेल्या अन्नावर ठेवलेला रोहित हळूहळू फिका पडतो. आता ठाण्याच्या खाडीत ही शैवाले एवढी माजतात याचे एक प्रमुख कारण अभ्यासक असे सांगतात, की घाटकोपर, भांडुप आणि पलीकडची नवी मुंबई यांचे सांडपाणी, काही अर्धेमुर्धे शुद्ध झालेले आणि काही तसेच, या खाडीत उतरते आणि त्यातील नत्र व स्फुरद शैवालांना खत म्हणून लाभते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे पक्षी येथे मोठ्या संख्येने दिसू लागले. पुढे काही हंगामांत त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. २०१५ मध्ये सरकारने १६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केले आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळांच्या यादीत त्याची नोंद झाली. म्हणजे ज्या रंगापुढे आपण हात जोडले, त्याच्या उत्पत्तीत आपल्याच मोरीच्या पाण्याचा काही अंश आहे.

आहार आणि शुद्धी यांचा संबंध आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईने पाहिला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात, सनत्कुमार नारदाला उपदेश करीत असता, आहार शुद्ध झाला की अंतःकरण शुद्ध होते, अशा अर्थाचे जे प्रतिपादन आले आहे, त्यातील आहार या पदाचा अर्थ आचार्यांनी एकसारखा केलेला नाही. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते, म्हणजे शब्दस्पर्शादी विषयांचे ज्ञान, तो आहार. आणि राग, द्वेष व मोह यांचा संपर्क न होता ते घेणे ही त्याची शुद्धी. रामानुजांच्या परंपरेत त्याचा सरळ अर्थ अन्न असाच घेतात आणि अन्नाला लागणारे तीन दोष सांगतात: पदार्थाच्या जातीने येणारा, ज्याच्याकडून तो आला त्याच्या आश्रयाने येणारा आणि केस, धूळ, घाण इत्यादींच्या निमित्ताने येणारा. या तिन्ही कसोट्या रोहिताच्या ताटाला लावून पाहिल्या तर कोणत्याही सोवळ्या स्वयंपाकघरातून त्याला उठवून लावावे लागेल. पदार्थ म्हणावा तर शेवाळ. आश्रय म्हणावा तर जातगोत न विचारता साऱ्या शहराने सोडलेले पाणी. आणि निमित्तदोष कशाकशाचा मोजावा? आणि तरीही त्या आहारातून जे रूप सिद्ध झाले ते असे, की ते पाहून पाहणाऱ्याचे अंतःकरण क्षणभर का होईना निर्मळ होते.

यावरून अशुद्धता वस्तूत नसून केवळ मनात असते, असे घाईने म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. खाडीचे पाणी घाण आहे, हा काही मनाचा खेळ नव्हे. रोहित जे दाखवतो ते वेगळेच आहे. तो घाणीपासून दूर राहत नाही आणि घाणीला पवित्रही मानीत नाही. तो तिच्यात उभा राहून निवडतो. आपल्या कवींनी नीरक्षीर वेगळे करण्याचे कौशल्य हंसाला दिले, आणि त्या कविसंकेतावरून ज्ञान्यांना परमहंस ही पदवी मिळाली. पण हंसाला दूध वेगळे काढताना कोणी पाहिलेले नाही, तर रोहिताला मात्र कोणीही पाहू शकतो. वेदान्ताने साधकाच्या चार साधनांत पहिले स्थान दिले तेही नित्य आणि अनित्य यांच्या विवेकाला, म्हणजे निवडण्यालाच. तेव्हा शुचितेच्या दोन कल्पना आपल्या परंपरेत प्रथमपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत: एक अंतराची आणि दुसरी विवेकाची. आचारधर्माने पहिली उचलली, कारण ती पाळायला सोपी आणि दुसऱ्यावर लादायला त्याहून सोपी. संतांनी दुसरीचा आग्रह धरला.

त्या आग्रहाचे सर्वांत परखड शब्द ज्यांच्या तोंडून आले, ते गावाची घाण वाहणाऱ्यांतलेच होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चोखोबा आणि त्यांची पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगांतून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे, की देह ज्या द्रव्यांतून जन्मतो आणि ज्या द्रव्यांनी भरलेला असतो ती सर्वांची एकच असताना, विटाळ एकाच्या अंगी कसा आणि सोवळे दुसऱ्याच्या अंगी कसे? त्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही शास्त्रार्थाला जमलेले नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. ज्या सरहद्दीबाहेर त्यांना ठेवले होते, तीच बांधताना गेले. पुढे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला त्यांत चोखोबांचे नाव होते. हा प्रश्न पंढरीच्या महाद्वारात उभा आहे तसाच तो देवनारच्या रस्त्यावरही उभा आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. पशुपक्ष्यांच्या वर्तनावरून मनुष्याने नीती शिकावी काय? निसर्गात दयाही आहे आणि क्रौर्यही. ज्याला जे हवे ते त्यातून काढता येते. या आक्षेपाचे उत्तर भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने देऊन ठेवले आहे, ज्यावर एकनाथांनी १५७३ साली काशीत आपली टीका पुरी केली. यदुराजाला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो, तेव्हा त्यांत पृथ्वी, अग्नी, समुद्र यांच्याबरोबर दोन पक्षीही आहेत: कपोत आणि कुरर. पण कपोताचे अनुकरण करावे असे तो म्हणत नाही. पिलांच्या मोहाने जाळ्यात उडी घेणारा कपोत, कसे वागू नये हे शिकवतो. कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते, आणि तुकडा टाकताच तो सुखी झाला, हा धडा मात्र घेण्याजोगा. देवनारला हा धडा रोज गिरवला जातो. कत्तलखान्यावर आणि कचऱ्याच्या टेकड्यांवर घारींची चक्रे फिरत असतात. एखादी खाली झेपावून आतड्याचा तुकडा उचलते, तोच तिघीचौघी तिच्यावर धावतात, ती वळसे घेते, किंचाळते, अखेर पंजा सैल करते, आणि पाठलाग तत्क्षणी तिला सोडून त्या पडत्या तुकड्यामागे वळतो. घारीला यातून वैराग्य आले असे दिसत नाही, कारण थोड्या वेळाने तीच पुन्हा झेपावते. अर्थात शिकवण पक्ष्यात नसते. निवडणारा अवधूत असतो. गुरू करतानाही त्याने विवेकच केला.

मग रोहिताला पंचविसावा गुरू करावयाचे असेल, तर त्याच्यापासून काय घ्यावे आणि काय टाळावे, हेही निवडले पाहिजे. टाळण्यासारखे पहिले हे, की त्याच्या उदाहरणाने घाणीचे समर्थन होऊ नये. शहराने खाडीत काहीही सोडावे आणि निसर्ग त्याचे सोने करील, असे कोणी म्हणू लागेल तर त्याला त्या चोचीची मर्यादा दाखवावी लागेल: तरंगणारा कण ती गाळते, पाण्यात विरघळलेले विष गाळत नाही. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या डोंगरांना आग लागली आणि दिवसचे दिवस तिचा धूर शहरावर पसरला, तेव्हा सर्वभक्षी असूनही अग्नी मळत नाही, हा अवधूताचा दृष्टान्त गोवंडीच्या रहिवाशांना सांगण्याचे धाडस कोणाला झाले नसते. अग्नी मळला नसेल, पण त्यांची फुप्फुसे मळली. आणि रोहित उडून जाऊ शकतो. पाऊस आला की त्याला कच्छचे रण आहे. या डोंगरांच्या पायथ्याशी ज्यांचा संसार आहे, त्यांना मोसमी स्थलांतराची सोय नाही.

त्यांच्याकडे पाहिले म्हणजे या साऱ्या विचाराला वेगळेच वळण लागते. कारण देवनारमध्ये चिखलात उभे राहून निवडणारा रोहित हा एकटाच नाही. डम्पिंगवर गाडी रिकामी झाली की पाठीला गोणी लावलेल्या बाया आणि पोरे हातातील आकडीने तो ढीग उकलू लागतात. प्लास्टिक एकीकडे, काच एकीकडे, पत्रा आणि तांब्याची तार आणखी एकीकडे, अशी त्यांची निवड चालते, आणि संध्याकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर तिचे मोल होते. कौशल्य तेच, सूक्ष्म दृष्टी तीच. परंतु पक्ष्याला निवडण्याचे फळ म्हणून रंग मिळतो आणि या बाईला खोकला. पक्ष्यासाठी अभयारण्याचा जाहीरनामा निघतो आणि हिला हटकायला चौकीदार असतो. ज्या शहराने शुचिता म्हणजे अंतर अशी व्याख्या केली, त्याची निवडण्यापासून सुटका मुळीच झालेली नाही. निवडणे कोणाला तरी करावेच लागते, शहराने ते फक्त दुसऱ्याच्या हाती सोपवले आहे. अंतराच्या सोवळ्याचे मर्म मला येथे दिसते. ते घाण नाहीशी करीत नाही. ते विवेकाचे काम परक्याच्या अंगावर टाकते आणि मग त्या परक्याला ओवळा म्हणते.

पक्षिनिरीक्षकाची दुर्बीणही कधी कधी याच सोवळ्याचे साधन होते. तिच्या वर्तुळात गुलाबी पंख मावतात आणि त्यामागचा डोंगर बाहेर राहतो. छायाचित्र घेणारा तर तो डोंगर चौकटीत येऊ नये म्हणून होडी वळवायला सांगतो. शंकराचार्यांचा अर्थ प्रमाण मानला तर दृष्टी हाही आहारच आहे, आणि तो राग-द्वेषांनी मळू न देणे ही त्याची शुद्धी. मग डोंगराविषयीच्या किळसेने जो त्याला वगळतो, त्याचे पाहणे पंखांपुरतेही शुद्ध राहिले असे कसे म्हणावे? मी पक्षिनिरीक्षणाची निंदा करीत नाही. निर्हेतुक पाहणे हा एक प्रकारचा भक्तिमार्गच आहे. ज्यापासून आपल्याला काही मिळवावयाचे नाही अशा जीवाकडे तासन् तास एकाग्रतेने पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याचा अहंकार थोडा तरी झिजतो. एवढेच म्हणतो, की दर्शन घ्यावयाचे तर अखंड घ्यावे: पंख, चिखल, नाला, डोंगर आणि डोंगरावरची गोणी यांसह.

आणि अखंड दर्शन घेतले, की हात नुसते जोडून भागत नाही. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले तोपर्यंत त्यांचा क्रम ठरलेला होता: गावात शिरले की आधी खराटा, कीर्तन नंतर, आणि खराटा स्वतःच्या हातात. त्यांनी शुचितेतून अंतर काढून टाकले आणि श्रम घातले. आपल्या काळात त्या खराट्याचे एक फार साधे रूप कायद्याच्या पुस्तकात आले आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घरावर असे बंधन घातले, की ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगवेगळा करून द्यावा. पालिकेचा हुकूम म्हणून आपण त्याकडे पाहतो आणि चुकवता आला तर चुकवतो. परंतु सोवळे-ओवळे इतक्या कसोशीने पाळणाऱ्या समाजाने त्यात आपलाच जुना धर्म ओळखायला हवा होता. भाजीची देठे आणि फुटलेली काच एकाच डब्यात टाकून जो गृहस्थ देवघराकडे वळतो, त्याने आपला विवेक देवनारला एका बाईच्या उघड्या बोटांवर ढकलला आहे. त्याची पूजा विधिवत् झाली असेल, पण त्याचे शौच अपुरे राहिले. ज्याने आपल्या उंबरठ्याच्या आत निवडण्याचे काम स्वतः केले, त्याने कार्तिकानंतर खाडीवर यावे, ओहोटीची वेळ साधावी आणि त्या रंगाला खुशाल हात जोडावेत. ते जोडण्याचा त्याला अधिकार आहे.